कुळ डोळ्यांच्या बाजूवरून ठरत नाही

समुद्रतळाशी एका अंगावर आडवे पडून जगणाऱ्या माशांत आपल्या किनाऱ्यावरचे लेप आणि भाकस हे दोन्ही येतात. पापलेटही चपटे दिसते, पण ते उभे पोहते आणि त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. लेपाचे तसे नाही. अंड्यातून निघालेले त्याचे पिल्लू इतर माशांच्या पिल्लांसारखेच दोन्ही अंगांनी सारखे असते. मग अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे त्याचे रूप पालटू लागते. एक डोळा माथा ओलांडून दुसऱ्या बाजूला सरकतो, कवटीची हाडे पीळ घेतात आणि मासा बिनडोळ्याच्या अंगावर तळाशी आडवा होतो. अशा सुमारे ८०० जाती आज माहीत आहेत. लिनियसने १७५८ मध्ये त्याला ठाऊक असलेले सगळे चपटे मासे एकाच वंशात घातले होते. फ्रान्सिस डे यांनी १८७० च्या दशकात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही भाकसापासून लेपापर्यंत सगळे एकाच कुळात होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जे. आर. नॉर्मन यांनी १९३४ मध्ये पाच कुळे मानली. पुढच्या प्रमाणग्रंथांत ती चौदा झाली, आणि अलीकडच्या याद्यांत त्यांत आणखी भर पडली आहे. एवढी कुळे करून आपल्याला चपट्या माशांबद्दल जास्त कळले, की नुसती नावे वाढली? माझे उत्तर असे, की जास्त कळले, आणि सर्वांत जास्त कळले ते या माशांच्या जगभरच्या वाटणीबद्दल. पण उलट बाजूचे म्हणणे दुबळे नाही. म्हणून जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने ते आधी मांडतो. पूर्वपक्ष आक्षेप घेणाऱ्याचा आहे, उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : वर्गीकरण माणसाच्या उपयोगासाठी असते, हे तुम्ही मान्य कराल. बंदरावर टोपली पालथी केली की मासळीची नोंद घेणाऱ्याला एका नजरेत मासा ओळखता आला पाहिजे. नॉर्मन यांच्या पाच कुळांत ती सोय होती. भाकसाच्या पाठीच्या पराला पुढे काटे असतात, तोंड मोठे असते, डोळा माथ्याच्या कडेपर्यंतच सरकलेला असतो. त्याचे कुळ सेटोडिडे. गालाच्या हाडाची मागची कड मोकळी दिसत असेल आणि डोळे डाव्या अंगाला असतील तर बोथिडे, उजव्या अंगाला असतील तर प्ल्युरोनेक्टिडे. ती कड कातडीखाली झाकलेली असेल आणि डोळे उजवीकडे असतील तर सोलिडे, डावीकडे असतील तर लेपांचे सिनोग्लॉसिडे. हे शिकायला एक दिवस पुरतो. आता त्याच माशांसाठी चौदा-पंधरा कुळे झाली आहेत आणि ती ओळखायला शेपटीची हाडे सोलावी लागतात, नाहीतर प्रयोगशाळेत जनुके वाचावी लागतात. दर दहा वर्षांनी एखादे कुळ फुटते. ज्या नावावर विसंबता येत नाही, ते नाव काय कामाचे?

उत्तरपक्ष : एका नजरेत ओळखण्याची सोय मी नाकारत नाही. ओळखण्याची किल्ली म्हणून डोळ्यांची बाजू आजही वापरावी. पण ओळखण्याची खूण आणि नात्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चपट्या माशांत तर त्या उघडपणे एकमेकींशी भांडतात. भाकसाचेच पाहा. या एकाच जातीत जवळजवळ निम्म्या माशांचे डोळे डावीकडे आणि निम्म्यांचे उजवीकडे असतात. उत्तर पॅसिफिकमधला प्लॅटिक्थिस स्टेलॅटस हा मासा उजव्या डोळ्यांच्या प्ल्युरोनेक्टिडे कुळातला, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचे निम्मे मासे डावे निघतात, अलास्काकडे डाव्यांचे प्रमाण वाढते आणि जपानच्या किनाऱ्यावर तर जवळजवळ सगळे डावेच असतात. मासा तोच, एकमेकांत वीण होणारा, आणि बाजू मात्र किनाऱ्यागणिक बदलते. जी. एच. पार्कर यांनी १९०३ मध्ये माशांच्या डोळ्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची फुली तपासली. तेव्हा या उलट्या माशांत फुली उजव्या माशांसारखीच राहिलेली आणि तंतूंना मात्र जादा पीळ पडलेला दिसला. वरचा डोळा फिरला, आतली रचना फिरली नाही. कुळाच्या पातळीवरही तेच दिसते. सिथॅरिडे हे सहा-सात जातींचे लहानसे कुळ आहे, त्यात काही वंश डावे आणि काही उजवे. कार्ल हब्ज यांनी १९४५ मध्ये बाजू न पाहता इतर खुणांवरून त्यांचे नाते मांडले आणि ते नाते टिकले. म्हणजे बाजूवर कुळ उभे करायचे तर भाकसाची एकच जात दोन कुळांत घालावी लागेल, आणि ते तर तुम्हीही करणार नाही.

याहून बोलका पुरावा बोथिडेचा आहे. नॉर्मन यांच्या बोथिडेमध्ये डाव्या डोळ्यांचे पॅरालिक्थिस आणि सुडोरॉम्बस हे वंश होते. सुडोरॉम्बस आपल्याकडच्या जाळ्यांतही येतो. आज हाडे आणि जनुके दोन्ही सांगतात, की हे डावे मासे खऱ्या बोथिडेपेक्षा उजव्या प्ल्युरोनेक्टिडेच्या जवळचे आहेत. लेप डावे आणि सोलिडे उजवे. तरीही ही दोन कुळे एकमेकांची निकटची नातलग आहेत. बाजू हे शरीराचे सर्वांत डोळ्यांत भरणारे लक्षण आहे, आणि खोलवरच्या नात्याबद्दल सर्वांत कमी सांगणारे तेच आहे. कुळ म्हणजे सोयीची पेटी नसून काही जाती एका समान पूर्वजापासून आल्या आहेत असे केलेले विधान आहे, असे मी धरतो. विधान खरे किंवा खोटे ठरू शकते. पेटी फक्त सोयीची किंवा गैरसोयीची असते. तुम्हाला जे नावांचे अस्थैर्य वाटते, ते बहुतेक वेळा एखादे खोटे विधान मागे घेतल्याचे चिन्ह असते.

पूर्वपक्ष : बाजू सोडून दिली असे समजू. पण तिच्या जागी तुम्ही आणले काय? कवटीतल्या बारीक फटी, कल्ल्याखालची हाडे, शेपटीच्या मुळाशी हाडांची जोडणी. एक विधान गेले, दुसरे आले. माशाचे नाते अधिक बरोबर कळले, असे तज्ज्ञ म्हणणार. पण त्या बरोबरपणामुळे या माशांबद्दल जी गोष्ट आधी दिसत नव्हती आणि आता दिसू लागली, अशी एक तरी दाखवा.

उत्तरपक्ष : ती गोष्ट म्हणजे नकाशा. जुन्या सोलिडे कुळात युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियातले मासे होते आणि अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे, अगदी ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातलेही होते. म्हणजे कुळ जगभर पसरलेले, आणि त्या पसाऱ्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते. फ्रान्स्वा शाप्लो आणि ॲलन कीस्ट यांनी १९८८ मध्ये हाडांचा अभ्यास करून दाखवले, की अमेरिकेतले हे मासे इतर सोलिडेचे सख्खे नव्हेत. उलट बाकीचे सोलिडे लेपांच्या जास्त जवळचे आहेत. अमेरिकेतल्या माशांचे अकायरिडे हे स्वतंत्र कुळ झाले. ती रेघ ओढल्यावर नकाशा एकदम वाचता येऊ लागला. अकायरिडे फक्त अमेरिकेत आहेत: अटलांटिकचा पश्चिम किनारा, पॅसिफिकचा पूर्व किनारा आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्या. सोलिडे जुन्या जगात, म्हणजे पूर्व अटलांटिक, भूमध्य, हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये. अकायरिडेचे अकायरस आणि ट्रायनेक्टिस हे वंश आज पनामाच्या चिंचोळ्या भूभागाच्या दोन्ही बाजूंना सापडतात. तो भूभाग सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पूर्ण बंद झाला. तो बंद होण्याआधीच हे वंश तिथे पसरलेले होते, असे यातून सरळ निघते. जुन्या सोलिडेच्या नकाशावरून हा तर्क करताच आला नसता, कारण त्या कुळात अमेरिकेबाहेरच्या असंख्य जातींची भेसळ होती.

प्ल्युरोनेक्टिडेची कथा आणखी मोठी आहे. या कुळात उत्तर अटलांटिकमधला हॅलिबट, न्यूझीलंडच्या खाड्यांतले मासे आणि हिंदी महासागराच्या खोल उतारावरचे मासे, हे सगळे फक्त उजवे म्हणून एकत्र होते. १९९३ मध्ये शाप्लो यांनी चपट्या माशांच्या संपूर्ण गणाचा पुन्हा आढावा घेतला आणि या ढिगाचे तुकडे स्वतंत्र कुळे म्हणून मांडले. आज प्ल्युरोनेक्टिडे म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण पाण्याचे कुळ. अटलांटिक हॅलिबट हा दोन मीटरहून लांब आणि ३०० किलोपर्यंत वाढणारा मासा त्यातलाच. राँबोसोलिडे मुख्यतः दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे. समॅरिडे हिंद-पॅसिफिकच्या उष्ण पाण्याचे. त्यातला समॅरिस क्रिस्टॅटस भारताच्या समुद्रातही आहे. पोसिलॉप्सेटिडे खोल उतारांवरचे. दक्षिण आफ्रिकेच्या पाण्यातली एकच जात पॅरालिक्थोडिडे हे कुळ म्हणून उभी आहे. याच्या जोडीला स्कॉफ्थॅल्मिडे ठेवा, ते ईशान्य अटलांटिक, भूमध्य आणि काळ्या समुद्रात मुख्यतः आढळते. युरोपातला प्रसिद्ध टर्बट याच कुळातला. आणि अकायरोप्सेटिडे ठेवा, चारच जातींचे, अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड दक्षिण समुद्रातले. डोळ्यांची बाजू पाहिली तर नकाशावर दोनच रंग दिसत होते. पूर्वजांवरून कुळे मांडली तर उत्तरेचा थंड पट्टा, दक्षिणेचा थंड पट्टा आणि मधला उष्ण पट्टा वेगवेगळे दिसतात. दोन टोकांच्या थंड समुद्रांतले उजवे मासे एकमेकांचे सख्खे नसून थंड पाणी त्यांनी वेगवेगळे गाठले आहे, हे वाटणीच्या अभ्यासातले मला सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

लेपांच्या कुळातही असाच खुलासा होतो. त्यात दोन शाखा आहेत. सिनोग्लॉसस आणि त्याचे भाऊबंद मुख्यतः हिंद-पॅसिफिकच्या उथळ, चिखलाच्या तळाचे, शिवाय पूर्व अटलांटिकचे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ते नाहीतच. तिथे आहे दुसरी शाखा, सिम्फ्युरस. अमेरिकेच्या दोन्ही बाजूंना सिम्फ्युरस मुख्यतः उथळ पाण्यात राहतो आणि हिंद-पॅसिफिकमध्ये मात्र मुख्यतः खोल पाण्यात. त्याची एक जात, सिम्फ्युरस थर्मोफिलस, पश्चिम पॅसिफिकमध्ये समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी राहते. तिचे वर्णन २००८ मध्ये झाले. आपल्या समुद्रात उथळ चिखल सिनोग्लॉससने व्यापलेला असल्यामुळे सिम्फ्युरस खोलात राहिला असेल का? हा प्रश्न सिद्ध झालेला नाही, पण विचारता येतो, आणि तो विचारता येण्यासाठी दोन्ही शाखांचे नाते आधी पक्के व्हावे लागते. सिनोग्लॉसस हे नाव हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर लिहिताना दिले. नॉर्मन यांचा दुसरा खंड, ज्यात सोलिडे आणि लेप यायचे होते, त्यांच्या १९४४ मधल्या मृत्यूमुळे कधीच निघाला नाही. ती उणीव सिनोग्लॉससपुरती भरून काढली ती भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या ए. जी. के. मेनन यांनी, १९७७ च्या त्यांच्या ग्रंथाने. या माशांच्या अभ्यासात भारताचा वाटा फक्त मासे पुरवण्याचा नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

पूर्वपक्ष : नकाशा सुंदर दिसतो, पण तो सुंदर दिसावा म्हणूनच रेघा ओढल्या नाहीत ना? अमेरिकेतले वेगळे, न्यूझीलंडचे वेगळे, असे आधी ठरवले आणि मग हाडांत फरक शोधले, तर नकाशा जुळणारच. दुसरे असे, की या माशांची पिल्ले समुद्रात तरंगत दूरवर वाहून जातात. प्रवाहांनी जे पसरवले, त्यातून लाखो वर्षांचा इतिहास कसा वाचणार? आणि अपवाद आहेतच. राँबोसोलिडेतला ऑन्कॉप्टेरस न्यूझीलंडपासून हजारो किलोमीटर दूर, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर आहे. सोलिडेची एक जात गालापागोस आणि कोकोस बेटांपाशी आहे, म्हणजे तुमच्या अमेरिकेत.

उत्तरपक्ष : पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी घेतो. नकाशा जर वर्गीकरणाचा पाया असता, तर त्याने वर्गीकरणाला दुजोरा देणे निरर्थक ठरले असते. पण शाप्लो आणि कीस्ट यांनी जी लक्षणे वापरली ती सांगाड्याची होती. मासा कुठे पकडला, हे त्यांत लक्षण नव्हते. पुढे इतर संशोधकांनी जनुके वाचली, तीही प्रदेश पाहून वाचलेली नव्हती. हाडांनी ओढलेली रेघ आणि जनुकांनी ओढलेली रेघ एकाच ठिकाणी पडते, आणि तीच रेघ महासागरांच्या सीमेवर पडते, तेव्हा तीन स्वतंत्र साक्षी एका गोष्टीवर येतात. नकाशाला मी साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानत नाही. ऑन्कॉप्टेरसच्या बाबतीत हाच नियम पाळला गेला. तो अर्जेंटिनात आहे म्हणून कुणी त्याला कुळाबाहेर काढले नाही. तो दशकानुदशके राँबोसोलिडेतच राहिला. २०१९ मध्ये मॅथ्यू कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी जनुके आणि शरीररचना एकत्र तपासून त्याच्यासाठी ऑन्कॉप्टेरिडे हे वेगळे कुळ केले. नकाशावरचा एक गोंधळ त्यामुळे कमी झाला, पण निर्णय नकाशाने घेतलेला नाही. गालापागोसची जात मात्र सोलिडेच आहे आणि ती तशीच ठेवली पाहिजे. प्रवाहाने किंवा बेटांच्या मार्गाने एखादी जात पलीकडे पोचणे शक्य असते. एखादी जात अशी पोचली म्हणून शेकडो जातींची मांडणी खोटी ठरत नाही.

पिल्लांच्या वाहून जाण्याचा आक्षेप मला उपयोगी वाटतो, कारण त्याने कुळाकुळातला फरक ठळक होतो. बोथिडेची पिल्ले पारदर्शक, पानासारखी पातळ आणि दीर्घकाळ तरंगत राहणारी असतात; या कुळातल्या काही खोल पाण्यातल्या वंशांची पिल्ले रूप पालटण्याआधी १० सेंमीहूनही मोठी होतात. बोथिडे तिन्ही महासागरांच्या उष्ण पट्ट्यात पसरलेले आहेत आणि त्यांच्या काही जातींचा पसारा फार मोठा आहे. याउलट अकायरिडेची पिल्ले काही मिलिमीटरची असतानाच रूप पालटून तळाला बसतात, आणि ते कुळ अमेरिकेबाहेर गेलेले नाही. म्हणजे प्रवाह इतिहास पुसून टाकतात असे नाही. लांब तरंगणाऱ्या कुळात ते बरेच पुसतात, लवकर तळाला बसणाऱ्या कुळात फार थोडे. कोणत्या कुळाच्या नकाशावर किती भरवसा ठेवायचा, हेही कुळ नीट ओळखल्यावरच कळते.

पूर्वपक्ष : मग मुळाशी येऊ. तुमचे तीन साक्षीदार एकमताचे आहेत असे तुम्ही म्हणता, पण सगळ्यांत मोठ्या प्रश्नावर ते एकमताचे नाहीत. हा गण तरी एक आहे का? कॅम्पबेल, चेन आणि लोपेझ यांनी २०१३ मध्ये जनुकांवरून शंका घेतली, की भाकस आणि बाकीचे चपटे मासे वेगवेगळ्या पूर्वजांपासून आले असावेत. त्याच वर्षी बेटांकुर यांच्या गटाने उलट निष्कर्ष काढला. २०२१ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून चीनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने पुन्हा दुहेरी उगमाचा दावा झाला. जनुकेच जर आज एक आणि उद्या दुसरे सांगत असतील, तर ज्या भाकसावरून सगळा वाद आहे त्याचे कुळ कोणत्या झाडाला लटकवायचे? यापेक्षा नॉर्मन बरे.

उत्तरपक्ष : या वादात दोन्ही बाजूंना सारखे वजन आहे, असे मला वाटत नाही. चपट्या माशांचे नातलग कोण, यावर जनुकांचे बऱ्यापैकी एकमत आहे: जिताडा, रावस, हलवा, तलवारमासा ज्या मोठ्या समूहात येतात, त्याच समूहात हे मासे आहेत. म्हणजे बाजारात पापलेटाशेजारी ठेवलेला हलवा नात्याने पापलेटापेक्षा लेपाला जवळचा आहे. या समूहाच्या फांद्या फार थोड्या काळात एकामागून एक फुटल्या. फांद्या इतक्या घाईने फुटतात, तेव्हा प्रत्येक फांदीवर जनुकांत नोंद व्हायला वेळ कमी मिळतो. मग थोडी जनुके घ्या किंवा थोड्या जाती घ्या, उत्तर डळमळते. जनुकांतल्या रासायनिक घटकांचे प्रमाण काही जातींत एकीकडे झुकलेले असले तरी चुकीची जवळीक दिसते. २०१६ मध्ये हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी शेकडो जनुकस्थाने आणि समूहातल्या अनेक कुळांच्या जाती घेतल्या, तेव्हा भाकसासह सगळे चपटे मासे एकाच उगमाचे निघाले. २०२१ च्या अभ्यासात जनुकसंच पूर्ण होते, पण जाती मोजक्या होत्या. २०२४ मध्ये नेचर जेनेटिक्समध्येच बेटांकुर यांच्या गटाने जाती वाढवून फेरतपासणी केली आणि एकच उगम पुढे आला. मोजके मासे खूप खोल वाचणे आणि पुष्कळ मासे पुरेसे वाचणे, यांत घाईने फुटलेल्या फांद्यांसाठी दुसरी रीत अधिक विश्वासार्ह आहे, असे माझे मत आहे.

आणि जीवाश्मांना विसरून चालणार नाही. सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनी १८७१ मध्ये डार्विनला अडवले ते याच माशांवरून. डोळा अर्धवट सरकून काय उपयोग, मधल्या पायऱ्या असूच शकत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. डार्विनने आपल्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिले, पण दाखवायला मधला मासा त्याच्याकडे नव्हता. तो मासा खरे तर संग्रहालयांत होता. इटलीतल्या मोंते बोल्का इथल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला अँफिस्टियम शंभराहून जास्त वर्षे माहीत होता. हेटेरोनेक्टिस व्हिएन्नाच्या संग्रहालयात पडून होता. मॅट फ्रीडमन यांनी २००८ मध्ये दोन्ही नीट तपासले. त्यांत एक डोळा वर सरकलेला आहे, पण माथ्याची मधली रेघ त्याने ओलांडलेली नाही. अँफिस्टियमचे काही मासे डावे, काही उजवे आहेत, अगदी आजच्या भाकसासारखे. त्याच खडकात डोळा पूर्ण सरकलेले चपटे मासेही आहेत. अर्धा पीळ, माथ्यावर थांबलेला डोळा आणि पूर्ण पीळ अशी एकच साखळी दिसते, आणि भाकस तिच्या मधल्या कड्यापाशी बसतो. दोन स्वतंत्र उगम मानायचे, तर हा अवघड पीळ दोनदा आणि तोही जवळजवळ एकाच काळात घडला असे म्हणावे लागते. अशक्य नाही, पण त्यासाठी आज समोर आहे त्याहून जास्त पुरावा हवा. म्हणून गण एक, आणि भाकसाचे सेटोडिडे कुळ त्या गणाची सर्वांत आधी फुटलेली फांदी, हा निर्णय मी मानतो. त्या फांदीवर आज तीनच जाती उरल्या आहेत: हिंद-पॅसिफिकचा आपला भाकस आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या दोन.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वर आलेल्या पॅरालिक्थिस वंशाचे पॅरालिक्थिडे हे कुळ बराच काळ उरलेल्या डाव्या माशांचे कोठार होते. त्यातला अमेरिकेतला एक मोठा गट २०१९ मध्ये सायक्लोप्सेटिडे म्हणून वेगळा झाला, कारण तो बोथिडेच्या जवळचा निघाला. तिथली मांडणी अजून पूर्ण स्थिर नाही, आणि जिथे ती स्थिर नाही तिथला नकाशाही जपूनच वाचावा.

पूर्वपक्ष : हे सगळे मानले तरी बंदरावरच्या माणसाचा प्रश्न उरतोच. त्याने काय लिहायचे?

उत्तरपक्ष : त्याने पंधरा कुळे लिहावीत असा आग्रह नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत चपट्या माशांचे हॅलिबट, फ्लाउंडर आणि सोल असे तीन गट असतात. आपल्याकडे हॅलिबट म्हणजे भाकस, म्हणजे सेटोडिडे. हा गट वेगळा ठेवणे किती शहाणपणाचे आहे, ते कुळाच्या दृष्टीने पाहिल्यावर कळते. भाकस ६० सेंमीच्या आसपास वाढणारा शिकारी मासा आहे. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर पावसाळा संपता संपता मोठ्या प्रमाणात येणारा मलबारी लेप जेमतेम १५ ते १७ सेंमीचा, लवकर वाढणारा आणि थोडे जगणारा. दोन्ही एका रकान्यात ‘चपटे मासे’ म्हणून लिहिले, तर भाकस कमी होत गेला तरी लेपाच्या आकड्यांत ते झाकले जाईल. तिसऱ्या गटात मात्र लेप आणि सोलिडे अजून एकत्र मोजले जातात. ही दोन कुळे निदान त्या त्या बंदरावर वेगळी लिहिता येतील, आणि तिथे तुमची सोपी खूणच कामाला येईल. सोल-गटात एकदा शिरल्यावर डोळे डावीकडे असले तर लेप, उजवीकडे असले तर सोलिडे. बाजूने कुळ ठरत नाही, पण कुळे ठरल्यानंतर बाजूने ती ओळखता येतात.

कोकणातल्या मत्स्यविद्येच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. ट्रॉलच्या जाळ्यात येणारे बोटभर लांबीचे चपटे मासे किमतीअभावी बहुधा बाजूला टाकले जातात. समॅरिडे, सिथॅरिडे, लहान बोथिडे हे त्यातच असतात, आणि त्यांच्या वाटणीबद्दल आपल्या किनाऱ्यावरची माहिती सर्वांत तुटपुंजी आहे. तो ढीग फेकण्याआधी त्यातले काही मासे ठिकाण, खोली आणि तारीख लिहून जतन करा, आणि मांसाचा लहान तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा.